पायाच्या चरात जपावयाचा इतिहास

पुणे-सोलापूर महामार्गावरील पाटस येथून संत तुकाराम महाराज पालखी मार्ग बारामती, इंदापूरकडे वळतो. सुमारे 130 किलोमीटर लांबीच्या या मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी 8 नोव्हेंबर 2021 रोजी झाली. रस्त्यामागोमाग दुकाने व निवासी इमारती येतात आणि त्यांच्यासाठी पायाचे चर खणले जातात. चराची जागा जुन्या वस्तीची असेल, तर खोदाई यंत्राच्या काही फटक्यांत शेकडो वर्षांचे थर नाहीसे होतात. याचा अर्थ विकासकाम थांबवावे असा नव्हे. ते जाणत्या देखरेखीखाली व्हावे, एवढेच अपेक्षित आहे.

इनामगाव आणि दायमाबाद

या परिसरातील मातीत काय दडलेले असू शकते, हे पाटसच्या उत्तरेस, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावने दाखवून दिले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली डेक्कन कॉलेजने तेथे 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे 1600 ते 700 या काळातील शेतकऱ्यांची वस्ती त्यातून उजेडात आली. घरांच्या जमिनी, धान्याची कोठारे, पाण्याचा कालवा, जमिनीखाली कुंभांत पुरलेली बालके, या सर्वांची थरवार नोंद झाली. इ. स. पूर्व 1000 च्या सुमारास प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, हे या नोंदींमुळेच कळले. पर्जन्यमान घटून शेती खालावली, असे अनुमान अभ्यासकांनी त्यावरून काढले.

याउलट, प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे 1974 मध्ये बैलांचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा चार भरीव धातुमूर्ती खणताना अकस्मात सापडल्या. त्यांचे एकूण वजन 60 किलोग्रॅमहून अधिक आहे. परंतु शास्त्रीय नोंद होण्यापूर्वीच त्या बाहेर आल्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिले. थरापासून तुटलेली वस्तू सुंदर असते, पण तिची साक्ष अपुरी पडते.

पांढरीची ओळख

ग्रामीण जनतेस काळी आणि पांढरी हा भेद परिचित आहे. काळी म्हणजे शेतीची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. राखाडी, भुसभुशीत मातीचे टेकाड, तीत खापरे, हाडे, राख, भाजलेल्या मातीचे गोळे वा गारगोटीची पाती आढळली, तर ती जुनी वस्ती असण्याचा संभव असतो. तांबड्या पृष्ठभागावर काळी रेखाचित्रे असलेले खापर विशेष जपावे. ते इनामगावकालीन जोर्वे संस्कृतीचे असू शकते.

देखरेखीची रीत

काम सुरू होण्यापूर्वी जागेची पाहणी व्हावी आणि संशयित ठिकाणी लहान चाचणी खड्डे घ्यावेत. माती काढताना जाणकार व्यक्ती उपस्थित असावी. अवशेष दिसताच तेवढ्या भागातील काम थांबवावे, वस्तू जागच्या जागी ठेवावी, खोली मोजावी, छायाचित्र घ्यावे आणि तहसीलदारांमार्फत राज्याच्या पुरातत्त्व विभागास कळवावे. लंडनमध्ये 1954 साली इमारतीचा पाया खणताना रोमन काळातील मंदिर निघाले, तेव्हा ते पाहण्यास हजारो नागरिक लोटले. पुढे 1990 मध्ये इंग्लंडने बांधकाम परवानगीच्या वेळीच पुरातत्त्वीय विचार करण्याचे धोरण स्वीकारले.

कायदा आणि भीती

वस्तू सापडल्याचे सांगितले तर काम अडेल व वस्तूही जाईल, या भीतीने पुष्कळ गोष्टी दडपल्या जातात. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. ठेवा बेवारस ठरल्यास व अन्य करार नसल्यास त्याचे तीन चतुर्थांश शोधणाऱ्यास व एक चतुर्थांश जागामालकास मिळते. शासनास तो संपादन करावयाचा असल्यास मूल्यावर एक पंचमांश अधिक द्यावे लागते. मात्र माहिती दडविणाऱ्याचा हक्क जातो व तो शिक्षेस पात्र ठरतो.

पुरातत्त्वज्ञ प्रत्येक चरावर पोहोचू शकत नाही. तेथे असतात मजूर, मुकादम, अभियंता आणि ग्रामपंचायत सदस्य. ग्रामपंचायतीने गावच्या पांढरीची नोंद ठेवावी, शिक्षकांनी विद्यार्थ्यांना खापर ओळखण्यास शिकवावे. बांधकाम पुढेमागे पुन्हा उभारता येते. विस्कटलेला थर पुन्हा रचता येत नाही.