मुंबई ते लंडन : विमानप्रवासाचे गणित
८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. या दोन शहरांतील सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. ते पृथ्वीगोलावर दोरा ताणून मुलांकडून मोजवून घ्यावे. सपाट नकाशा येथे फसवितो.

खरी अडचण घड्याळाची. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी बाराला सुटलेले विमान लंडनला तेथील चार वाजता उतरले, तर मुले ‘चार तास’ असे उत्तर देतात. लंडनचे घड्याळ तेव्हा साडेपाच तास मागे असते. म्हणून प्रवास साडेनऊ तासांचा, वेग ताशी सुमारे ७५८ किलोमीटर.

घड्याळे मागेपुढे का, हे एरंडोलच्या शाळेच्या अंगणातही दिसते. एका रेखांशास चार मिनिटे. प्रमाणवेळ ८२.५ अंशांची, गाव सुमारे ७५.३ अंशांवर, म्हणून येथील मध्यान्ह सरासरीने बारा वाजून २९ मिनिटांनी होते. काठी रोवून सर्वांत आखूड सावलीची वेळ मुलांनी नोंदवावी.