संकेतबोर्डापासून संगणकापर्यंत

पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावाहून पूर्वेकडे वळले की खोडदच्या शिवारात आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या जाळीदार तबकड्या दिसू लागतात. हीच 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप', म्हणजेच जीएमआरटी. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तिच्यात आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी आहेत व १६ तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरांच्या विस्तारात पसरल्या आहेत. प्रत्येक अँटेना दोन संकेत देते. ते प्रकाशतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतात. तेथे त्यांचे अंकांत रूपांतर होते आणि मग ते अंक संगणकांकडे धाडले जातात. या शेवटच्या टप्प्याचाच आपण येथे विचार करणार आहोत. अंतर अवघे काही मीटरांचे असते, पण अडचणी मात्र तेथेच दाटीने उभ्या राहतात.

प्रारंभी या दुर्बिणीचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा होता. २०१०च्या दशकात झालेल्या सुधारणेनंतर तो ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढला. कोणताही संकेत अंकांत नेमका उतरवायचा तर पट्ट्याच्या रुंदीच्या किमान दुप्पट वेगाने त्याचे नमुने घ्यावे लागतात. येथे ते सेकंदाला ८० कोटी होतात. एक नमुना ८ बिटांत लिहिला, तर एका संकेतासाठीच सेकंदाला ६.४ गिगाबिट माहिती तयार होते. एका अँटेनाचे दोन्ही संकेत मिळून हा आकडा १२.८ गिगाबिट होतो. संस्करण करणाऱ्या 'रोच' नावाच्या बोर्डांना संगणकाशी जोडणारी तार १० गिगाबिटांची! तेव्हा पूर्ण पट्टा हवा असेल तेव्हा नमुना ४ बिटांत लिहितात. हा मार्ग वाटतो तितका अघोरी नाही. आकाशातून येणारा संकेत स्वभावतः गोंगाटासारखाच असतो आणि असंख्य नमुन्यांच्या सरासरीतून त्याचे रूप प्रकट होते. त्यामुळे थोड्या बिटांतही फारसे हरवत नाही. मात्र मोबाइल किंवा दूरचित्रवाणीचा एखादा प्रबळ लौकिक संकेत आत शिरला, तर ४ बिटांत त्याला सामावून घेण्यास जागा उरत नाही. ही किंमत जाणूनबुजून मोजावी लागते.

अशा रीतीने दोन संकेतांची ६.४ गिगाबिट माहिती तारेत बसली. आता काम संपले असे वाचकास वाटेल. पण खरी अडचण पुढेच आहे. तारेतून माहिती अखंड धारेसारखी वाहत नाही. टपालाप्रमाणे तिची पाकिटे करावी लागतात व प्रत्येकावर पत्ता लिहावा लागतो. इथरनेटचे सर्वसाधारण पाकीट १५०० बाइटांचे असते. त्यातील २८ बाइट पत्त्यासारख्या मजकुरात जातात आणि तारेवर आणखी ३८ बाइटांचा भार पडतो. म्हणजे उपयोगाची माहिती सुमारे ९६ टक्के. तेच पाकीट ९००० बाइटांचे केले, तर ती ९९ टक्क्यांवर जाते. एवढ्याशा लाभासाठी खटाटोप कशाला, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर तारेत नसून घेणाऱ्या संगणकात आहे. लहान पाकिटे असतील तर त्याच्या दारात सेकंदाला सुमारे ५ लाख ४३ हजार पाकिटे येऊन पडतात, मोठी असतील तर ८९ हजार. प्रत्येक पाकीट उघडणे, तपासणे व योग्य जागी ठेवणे यासाठी पहिल्या स्थितीत दोन मायक्रोसेकंदही मिळत नाहीत, दुसऱ्या स्थितीत अकरा मिळतात. प्रक्रियकाला थकवते ती पाकिटांची संख्या. त्यांचे वजन त्यामानाने गौण असते.

अशा ठिकाणी पोच मागण्याची सोय नसते. आकाश थांबत नाही. पाकीट पुन्हा पाठवायचे म्हटले तर तोवर मागील पाकिटांची रीघ लागते. म्हणून पोच न मागणारी, यूडीपी नावाची पद्धत वापरतात आणि पाकिटावर क्रमांक घालतात. एखादे हरवले तर त्याच्या जागी शून्ये भरून काळाचा हिशेब राखता येतो. ही दक्षता घेतली नाही, तर त्या अँटेनाचे पुढील सर्व नमुने इतरांच्या तुलनेत सरकतात. एक नमुना सव्वा नॅनोसेकंदाचा असतो. अँटेनांचा मेळ त्या मापाने बसवायचा असल्याने हजारो नमुन्यांची घसरण म्हणजे ती अँटेना निरीक्षणातून बाद झाल्यासारखेच होय.

हीच समस्या लहान प्रमाणावर कोठेही भेटते. बंगळूरच्या मारतहळ्ळीसारख्या उपनगरात एखादा अभियंता संकेतसंस्करणाचा तळहाताएवढा बोर्ड घेऊन बसला आहे, अशी कल्पना करा. बोर्डावर १ गिगाबिटाची जोडणी आहे, पण प्रत्यक्ष वेग जेमतेम ६० मेगाबिट मिळतो. तार बदलून पाहावी, असा मोह प्रथम होतो व तो बहुधा व्यर्थ ठरतो. येथे पोच मागणारी टीसीपी पद्धत असेल, तर पोच न येता किती माहिती पाठवता येते, ही मर्यादा आधी पाहावी. ती ८ किलोबाइट असली आणि पोच येण्यास एक मिलिसेकंद लागत असला, तर वेग ६५ मेगाबिटांपलीकडे जाऊच शकत नाही, मग तार कितीही रुंद असो. ही मर्यादा ६४ किलोबाइट केली, तर वेगाची कमाल ५२४ मेगाबिटांवर जाते.

तरीही वेग वाढला नाही, तर प्रक्रियक स्वतः काय करीत आहे ते पाहणे आले. पुष्कळदा तोच नमुने एका स्मृतीतून दुसरीत उतरवून घेत असतो, म्हणजे गणिताच्या पंडिताला हमालीस जुंपलेले असते. हे वाहून नेण्याचे काम डीएमए या स्वतंत्र यंत्रणेकडे सोपवावे. मात्र प्रक्रियकाच्या जवळच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे कॅशमध्ये, लिहिलेले अंक मुख्य स्मृतीत पोहोचल्याची खात्री आधी करून घ्यावी लागते. नाहीतर डीएमए जुनेच अंक उचलते व तेच रवाना होतात. वेग उत्तम दिसतो, पण पोहोचलेली माहिती खोटी असते. म्हणून अनुभवी मंडळी प्रथम खऱ्या संकेताऐवजी १, २, ३ अशी चढती संख्या पाठवून पाहतात आणि पलीकडच्या टोकाला ती खंड न पडता उतरते की नाही, हे तपासूनच वेगाचा आकडा लिहून घेतात.