भिंगातील चमक आणि काचेवरील प्रतिबिंब
(मोबाइलवरील चित्रणाचा एक अभ्यास)

तृतीय वर्ष कला

छायाचित्रण ही प्रकाशाची कला आहे, हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी निबंधात लिहिलेले असते. परंतु हाच प्रकाश चित्रणाचा जसा मित्र तसा वैरीही होऊ शकतो, ही गोष्ट हाती मोबाइल घेऊन अंगणात उभे राहिल्याखेरीज नीटशी उमगत नाही. माणूस समोर बसला आहे, जीव ओतून बोलतो आहे, आणि पडद्यावर पाहावे तो त्याच्या चेहऱ्यावर पांढुरके धुके पसरलेले, गालावर हिरवा ठिपका नाचतो आहे! ही चमक कोठून येते आणि ती टाळावी कशी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विषयाकडे मी केवळ हौसेने वळलो नाही. मी पनवेल तालुक्यातील ओवे गावचा. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे व तेव्हाच्या कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी निश्चित झाल्या. आमचे गाव त्यांतलेच. जेथे भाताची खाचरे होती तेथे आज खारघरच्या इमारती आहेत. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका आली, १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली. ज्यांनी या मातीत नांगर धरला आणि जानेवारी १९८४ मधील जासई परिसरातील आंदोलनाच्या, तेथील गोळीबाराच्या व पाच हुतात्म्यांच्या आठवणी जपल्या, ती पिढी आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. त्यांचे बोलणे आम्ही काही विद्यार्थी मोबाइलवर टिपून ठेवीत आहोत. येथे पुन्हा चित्रण करू म्हणण्याची सोय नेहमीच नसते. एखादी आजी एकदाच मोकळी होते. त्या वेळी तिचा चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे. म्हणून हा खटाटोप.

चमक म्हणजे नेमके काय?

काचेवर प्रकाश पडला की तो सगळाच आरपार जात नाही. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. खिडकीच्या काचेत आपले तोंड अंधुक दिसते ते याच ४ टक्क्यांमुळे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात एकच भिंग नसून एकामागे एक अशी सहा-सात भिंगे बसविलेली असतात. सात धरली तर पृष्ठभाग झाले चौदा. कोणताही लेप नसता तर या चौदा पृष्ठभागांतून पार जाता जाता १०० पैकी जेमतेम ५६ भाग प्रकाश पुढे पोहोचला असता.

मग उरलेला प्रकाश जातो कोठे? काही बाहेर परततो; पण काही एका पृष्ठभागावरून मागे फिरतो, दुसऱ्यावर आपटून पुन्हा पुढे येतो आणि नको त्या जागी जाऊन पडतो. चौदा पृष्ठभागांतून अशा दोन-दोनांच्या जोड्या ९१ होतात, म्हणजे भलत्या प्रतिमेला ९१ वाटा! दोनदा परतलेला प्रकाश मूळच्या ६२५ व्या हिश्शाएवढाच असतो हे खरे. परंतु सूर्यबिंब हे सावलीतील चेहऱ्यापेक्षा लाखो पटींनी तेजस्वी असते. त्याचा ६२५ वा हिस्साही चेहऱ्याला झाकून टाकावयास पुरेसा आहे.

या चमकेची रूपे दोन. पहिले रूप धुक्याचे. सगळ्या चित्रावर पांढुरका पडदा येतो, काळे केस राखाडी दिसतात, लुगड्याचा हिरवा रंग फिका पडतो. दुसरे रूप ठिपक्यांचे आणि वर्तुळांचे. यांना छायाचित्रकार ‘भूत’ म्हणतात, आणि नाव अगदी यथार्थ आहे, कारण जे तेथे नाही तेच दिसते.

लेपाची कथा

यावरचा उपाय योगायोगाने दृष्टीस पडला. हॅरॉल्ड डेनिस टेलर या इंग्रज भिंगतज्ज्ञाच्या १८९२ मध्ये असे लक्षात आले की, जुनी, डागाळलेली भिंगे नव्या भिंगांपेक्षा अधिक प्रकाश आत सोडतात. काळाने काचेवर चढलेला पातळ थरच परावर्तन कमी करीत होता! पुढे १९३५ मध्ये जर्मनीतील झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी असा लेप मुद्दाम चढविण्याची रीत शोधली. लेपाच्या वरच्या बाजूने परतणारी लाट आणि खालच्या बाजूने परतणारी लाट यांचे उंचवटे-खळगे एकमेकांस छेदतात व परावर्तन विझते. त्यासाठी लेप प्रकाशलहरीच्या पाव लांबीइतका असावा लागतो. मॅग्नेशियम फ्लोराइडचा लेप हिरव्या प्रकाशासाठी सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा दहा हजारावा भाग, एवढा पातळ ठेवतात.

आजच्या अनेकपदरी लेपांनी परावर्तन अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. अर्धा टक्का धरला तर वरच्या हिशेबातील ५६ चे ९३ होतात आणि भुताचे बळ ६२५ व्या हिश्शावरून ४०,००० व्या हिश्शावर उतरते. तरीही सूर्य तो सूर्यच. म्हणून महागड्या फोनमध्येही चमक येतेच. ‘माझा फोन भारीतला आहे’ असे म्हणणाऱ्या मित्रांनी हा आकडा ध्यानी ठेवावा.

हिरव्या ठिपक्याचे कोडे

रात्रीच्या चित्रणात एक निराळेच भूत दिसते. देव्हाऱ्यापुढे आरती चालू आहे; तबकातील पाच ज्योतींचे चित्रण केले की पडद्याच्या विरुद्ध कोपऱ्यात पाच हिरवट ठिपके, तेही उलटे, डोलताना दिसतात. ज्योत उजवीकडे वर गेली की ठिपका डावीकडे खाली जातो.

याचे कारण असे. ज्योतीची प्रतिमा संवेदकावर पडते. संवेदक गुळगुळीत असल्याने तो काही प्रकाश परत भिंगांतून बाहेर पाठवितो. बाहेर फोनच्या भिंगावर संरक्षणासाठी सपाट काच असते. तिच्यावर आपटून तो पुन्हा आत शिरतो आणि चित्राच्या मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे, तितक्याच अंतरावर, एकवटतो. म्हणूनच हे भूत पसरट नसून रेखीव असते.

कारण कळले की उपायही सुचतो. मूळ दिवा कोठे आहे हे पाहून मध्यबिंदूच्या पलीकडे मनातल्या मनात रेघ ओढावी. ठिपका कोठे येणार ते आधीच सांगता येते. मग फोन जरासा हलवून तो ठिपका उजळ भिंतीवर किंवा पांढऱ्या वस्त्रावर टाकावा, तेथे तो विरून जातो. काळोख्या पार्श्वभूमीवर मात्र तो उठून दिसतो. दिवा अगदी मध्यावर घेतला तर ठिपका त्याच्याच पोटात लपतो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फोनमधील उजेड कमी केल्याने भूत जात नाही. चेहरा आणि भूत दोन्ही एकाच प्रमाणात मंद होतात.

आजोबांचा आडवा हात

शेतावरचा माणूस दूरचे पाहताना कपाळावर आडवा हात धरतो. मोठ्या कॅमेऱ्याच्या भिंगापुढे जी काळी नळी असते, तिचे काम हेच. फोनला ती नसते, म्हणून आपणच ती व्हावे. सूर्य चौकटीबाहेर असूनही त्याचे किरण भिंगावर पडत असतील तर धुके येते. अशा वेळी मोकळा हात, वही किंवा छत्री अशी धरावी की तिची सावली नेमकी भिंगावर पडेल. पडद्यावर काळ्या केसांकडे पाहत राहावे. हात धरताच केस अधिक काळे झाले तर धुके होते आणि ते गेले, असे समजावे. इतकी सोपी परीक्षा दुसरी नाही. अतिरुंद भिंग वापरताना मात्र हाताची बोटे चौकटीत शिरतात, तेव्हा साधे भिंगच बरे.

चित्रणापूर्वी भिंग पुसणे हे तर आद्य कर्तव्य होय. फोन खिशात व हातात वावरतो, बोटाचे तेल त्यावर बसते. तेलाचे फराटे ज्या दिशेने असतील त्याच्या काटकोनात दिव्यातून प्रकाशाची लांब रेघ निघते. म्हणून एकाच दिशेने शर्टाला घासू नये. तोंडाची वाफ देऊन मलमलीच्या स्वच्छ तुकड्याने गोलाकार पुसावे. पावसाळ्यात आमच्याकडे हवाच ओली असते, तेव्हा हे काम दर पंधरा-वीस मिनिटांनी करावे.

बसण्याची जागा निवडताना सूर्याची चाल ठाऊक हवी. ओवे सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो. डिसेंबरात मात्र माध्यान्हीलाही तो दक्षिणेकडे ४७-४८ अंशांवरच राहतो. तेव्हा हिवाळ्यात कॅमेऱ्याचे तोंड दक्षिणेकडे केले की चमक आलीच म्हणून समजा. संध्याकाळी सूर्य पश्चिमेच्या खारघरच्या डोंगराआड उतरला की आकाश उजळ असते आणि अंगणात थेट किरण नसतात. ती घटका मुलाखतीस सर्वोत्तम. “पोरा, तोंड कुणीकडं करून बसू?” असे एका आजींनी विचारले, तेव्हा मी त्यांना ओटीवर, छपराच्या कडेपासून हातभर आत, अंगणाकडे तोंड करून बसविले. वर छप्पर, समोर उजेड, आणि कॅमेऱ्याची पाठ अंगणाकडे. या एका मांडणीने निम्मी कामे होतात.

काचेमागचे चेहरे

आता प्रतिबिंबांकडे वळू. जुन्या घरांत भिंतीवर चौकटीत बसविलेली छायाचित्रे असतात. चौकट उघडली तर जुना कागद काचेला चिकटलेला असल्यास फाटतो. म्हणून काचेसकट चित्रण करावे लागते. काचेत खिडकी दिसते, ट्यूबलाइट दिसते आणि आपण स्वतः दिसतो.

नियम शाळेतलाच : आपतन कोन आणि परावर्तन कोन समान. कॅमेरा अगदी समोर ठेवला तर काचेत फक्त कॅमेऱ्याच्या मागचेच दिसणार. तेव्हा मागे काळे कापड धरावे, त्याला भिंगापुरते भोक पाडून त्यातून चित्रण करावे. उजेड दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवरून द्यावा. त्याचे परावर्तन पलीकडच्या बाजूस निघून जाते, कॅमेऱ्याकडे येत नाही. पांढरा सदरा घालून हे काम करू नये. प्लॅस्टिकच्या आवरणात जपलेले सातबारा उतारे आणि नोटिसा यांनाही हीच रीत लागू आहे.

चष्मा घातलेल्या माणसाचे डोळे दिसावेत म्हणून दिवा उंच न्यावा व चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलाव्यात. काचा खाली झुकतात व प्रतिबिंब जमिनीकडे जाते. चष्मा काढावयास मात्र सांगू नये. त्या माणसाचा चेहरा चष्म्यासकटच त्याचा आहे. मेट्रोच्या खिडकीतून गावाकडचा भाग टिपताना भिंग काचेला टेकवावे आणि भोवती रुमाल गुंडाळावा, म्हणजे डब्यातील दिवे काचेत उमटत नाहीत.

ध्रुवण गाळणीचा बोलबाला फार आहे. तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. काचेकडे सरळ रेषेपासून सुमारे ५६ अंश आणि पाण्याकडे ५३ अंश तिरके पाहिले असता परावर्तित प्रकाश एका दिशेत ध्रुवित होतो, आणि गाळणी फिरवून तो अडविता येतो. ओल्या रस्त्याची किंवा तळ्याची चमक याने सुरेख जाते. ध्रुवित काचांचा उन्हाळी चष्मा भिंगापुढे धरून फिरविला तरी प्रचीती येते. परंतु समोरून पाहिलेल्या चौकटीच्या काचेवर किंवा पितळी तांब्याच्या चकाकीवर ती चालत नाही. तेथे काळे कापडच कामाचे.

पुसावे की राखावे?

आजचे फोन आणि संगणक चमक आपोआप पुसून देतात. सोय मोठी आहे. पण मला येथे एक धोका दिसतो. यंत्र ठिपका काढते तेव्हा त्याखाली काय होते हे त्याला ठाऊक नसते. ते आजूबाजूचे पाहून अंदाजाने भरते. लग्नाच्या चित्रणात हे चालेल. पण कागदावरील गट क्रमांकाचा एखादा आकडा, किंवा एखाद्या वृद्धेच्या गालावरची जखमेची खूण, यंत्राने अंदाजाने भरली तर ती नोंद राहत नाही, कल्पना होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तर साधनाची शुद्धता सर्वांत मोलाची. म्हणून आम्ही असा दंडक ठेवला आहे की, मूळ चित्रण जसेच्या तसे वेगळे जपावयाचे आणि दुरुस्त प्रतीवर ‘दुरुस्त’ असे स्पष्ट लिहावयाचे. चित्रणाच्या वेळी धरलेला हात हा नंतरच्या शंभर दुरुस्त्यांहून प्रामाणिक आहे.

चमक नेहमी त्याज्यच असते असेही नाही. ‘राशोमोन’ (१९५०) या जपानी चित्रपटात काझुओ मियागावा यांनी झाडांच्या पानांतून थेट सूर्याकडे कॅमेरा रोखला आणि तो धाडसी प्रयोग जगभर नावाजला गेला. आपल्याकडे ‘कागज के फूल’ (१९५९) मध्ये व्ही. के. मूर्ती यांनी आरशांच्या साहाय्याने सूर्याचा झोत स्टुडिओत आणला, त्याची वाखाणणी अजून होते. या दोघांनी प्रकाशाला जाणूनबुजून आमंत्रण दिले होते, तो न बोलाविता आलेला नव्हता. फरक तेवढाच, पण तोच महत्त्वाचा.

आपल्या महाविद्यालयात बहुतेक प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि बहुतेक प्रत्येकाच्या घरी एखादे बोलके म्हातारे माणूस आहे. सुट्टीत एक दुपार त्यांच्यासाठी काढावी. भिंग पुसावे, उन्हाकडे पाठ करावी, मोकळा हात आडवा धरावा आणि त्यांना बोलू द्यावे. खर्च काहीच नाही. आणि जे हाती लागेल, त्याची किंमत पुढच्या पिढीला कळेल.