निळ्या पोलादावरील जांभळी छटा

शस्त्रसंग्रहालयांतील जुन्या रायफली लक्षपूर्वक पाहिल्या, तर कधी कधी एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. रायफलीची नळी काळसर निळी असते. परंतु नळीमागचा सांगाडा अथवा चापाभोवतालचे कडे पिकू लागलेल्या जांभळाच्या सालीसारखे तांबूस दिसते. १९३५ साली जर्मन सैन्याने स्वीकारलेल्या ‘कारबिनर ९८ के’ या रायफलीच्या काही भागांवर ही छटा आढळते. हा रंग कोणी मुद्दाम दिलेला नसतो, आणि तो नेहमीचा गंजही नव्हे. मग तो येतो कोठून?

निळे करणे म्हणजे काय?

ओलसर हवेत पोलादावर तांबडा गंज चढतो. तो सच्छिद्र व भुसभुशीत असल्यामुळे खालचे लोखंड झिजतच राहते. परंतु लोखंड व ऑक्सिजन यांचे मॅग्नेटाइट नावाचे दुसरे एक काळे संयुग आहे. त्याचा पातळ थर पोलादाला घट्ट धरून राहतो, आणि त्यात तेल मुरले म्हणजे गंजाला सहसा वाव मिळत नाही. चकचकीत पोलादावर हा थर निळसर काळा दिसतो.

जुन्या रीतीत पोलादावर मुद्दाम बारीक गंज आणीत, वस्तू पाण्यात उकळून तो काळा करीत आणि सुटा भुगा झाडून टाकीत. असे अनेक वेळा करावे लागे. पुढे वेळ वाचविण्यासाठी कारखान्यांनी क्षारकुंडाची रीत उचलली. तीत दाहक सोडा व सोडियम नायट्रेट यांच्या तीव्र, उकळत्या द्रावणात सुमारे १४० अंश सेंटिग्रेड उष्णतामानावर वस्तू बुडवून ठेवतात. हे द्रावण अत्यंत घातक असल्याने शाळेत त्याचा प्रयोग करू नये.

रंग का बदलतो?

मॅग्नेटाइटमधील दर तीन लोह-अणूंपैकी एक द्विसंयुजी व दोन त्रिसंयुजी असतात. तांबड्या ऑक्साइडातील सर्व लोह-अणू त्रिसंयुजी असतात. थरातील हे प्रमाण त्रिसंयुजी अणूंकडे झुकले, की काळ्या रंगात तांबूसपणा मिसळतो. असे होण्याची कारणे मुख्यतः तीन आहेत.

पहिले कारण पोलादाच्या घटनेत आहे. निकेल, क्रोमियम किंवा सिलिकॉन मिसळलेल्या पोलादास साध्या पोलादाचे उष्णतामान मानवत नाही. म्हणून एकाच कुंडातून निघालेले दोन भाग दोन रंगांचे होऊ शकतात.

दुसरे कारण कुंडाचे. द्रावणातील पाणी वाफ होऊन गेले, की त्याचा उत्कलनबिंदू चढतो. कुंड फाजील तापले, तर साध्या पोलादावरही तांबडी झाक येते.

तिसरे कारण काळाचे. हवेच्या संपर्काने मॅग्नेटाइटमधील द्विसंयुजी अणू हळूहळू त्रिसंयुजी होतात व तपकिरी मॅघेमाइट तयार होते. त्याची स्फटिकरचना मॅग्नेटाइटसारखीच असल्याने थर न भंगता केवळ रंग पालटतो. म्हणून कारखान्यातून काळी निघालेली वस्तूही कित्येक वर्षांनी जांभळी दिसू लागते.

एक गैरसमज

स्वच्छ पोलादी सुई दिव्याच्या ज्योतीजवळ तापविली, तर तिच्यावर क्रमाने गवती पिवळा, तपकिरी, जांभळा व निळा रंग चढतो. यातील जांभळा रंग सुमारे २८० अंशांवर येतो. यावरून जांभळी रायफल कधीतरी आगीत सापडली असावी, असे कोणास वाटेल. पण हा तर्क बरोबर नव्हे. सुईवरील रंग साबणाच्या फुग्यावरील रंगांप्रमाणे अतिशय पातळ थरातील प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाने उत्पन्न होतात. रायफलीवरील जाड थराचा रंग मात्र त्या थरातील द्रव्याचा असतो.

जतन करणाऱ्यांसाठी

गंज बोटास खरखरीत लागतो व तेलाच्या पांढऱ्या फडक्यावर तांबडा डाग सोडतो. जांभळा थर गुळगुळीत असतो आणि सहसा पुसला जात नाही. तो गंज समजून काचकागदाने घासून काढला, तर खालचे पोलाद उघडे पडते आणि खरा गंज तेथूनच सुरू होतो. त्याबरोबर त्या वस्तूचे पोलाद कोणत्या जातीचे होते व कारागिराने ते कसे हाताळले, याचा पुरावाही नाहीसा होतो. नवा थर दिला तरी पोलाद तेच असल्याने तो पुन्हा जांभळा होण्याचा संभव असतो. अशा वस्तूवर तेलाचा हलका हात फिरवावा आणि ती कोरड्या जागी ठेवावी, एवढे पुरे.