तीन गिअरच्या जीपला पाचांचा बॉक्स बसेल का?

प्रश्न : वडिलांच्या काळातली महिंद्राची सीजे थ्री-बी, फोर बाय फोर जीप अजून दारात आहे. सुट्टीत मुलं तिला पुळणीत फिरवून आणतात. हल्ली उतारावर दुसरा गिअर आपोआप सुटतो. मेकॅनिक म्हणतात, ‘तीन गिअरचा बॉक्स काढून टाकू, पाच गिअरचा घालू, झकास पळेल.’ बसतो का तो?
— एक वाचक, रेवदंडा

उत्तर : बसवतात. पण त्यापायी आणखी काय काय बदलावं लागतं, ते मेकॅनिकने सांगितलेलं दिसत नाही.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीत गिअरबॉक्समागे एक प्रोपेलर शाफ्ट असतो. तुमच्या जीपमध्ये बॉक्सच्या पाठीला ट्रान्सफर केस बोल्टांनी आवळलेला आहे. त्यातून एक शाफ्ट मागे जातो, एक पुढे. ही मूळची विलीजची रचना, आणि व्हीलबेस जेमतेम ८० इंच. लांब बॉक्स घातला की ट्रान्सफर केस मागे सरकतो. मागचा शाफ्ट कापावा लागतो, पुढचा वाढवावा लागतो. आखूड शाफ्ट तिरका बसतो, गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात. त्यात अडॅप्टर प्लेट आली, नवा क्रॉस मेंबर आला. शिवाय चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली जीप पळवून जायचंय कुठे?

दुसरा गिअर सुटणं हे या टी-९० बॉक्सचं जुनंच दुखणं. सिंक्रोचे दात, शिफ्टिंग फोर्क किंवा बेअरिंग झिजलं की होतं. हाऊसिंग शाबूत असेल तर आतला माल बदलून भागतं. नसेल तर कुर्ल्याच्या जुन्या बाजारात टी-९०च शोधा.

माझा संशय मात्र पुळणीवर आहे. चालून तापलेला बॉक्स भरतीच्या पाण्यात बुडला की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते, आणि ब्रीदरमधून, सीलच्या कडेने खारं पाणी आत ओढलं जातं. वरून काही कळत नाही. खालचा प्लग सोडून थोडं ऑइल काचेच्या बाटलीत घ्या. ताकासारखं दुधी दिसलं तर पाणी गेलंय. नुसतं ऑइल बदलून मीठ जात नाही. बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि मग शाफ्ट खेळू लागतो. ट्रान्सफर केसचं ऑइलही तपासा, मधलं सील गळलं की एकाचं पाणी दुसऱ्यात जातं. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं तोंड बॉनेटखाली उंच बांधा. आणि मुलांना सांगा, पुळणीत चालत जा.

बॉक्स उतरवताना इंजिनाखाली जॅक द्यायला विसरू नका. मागचा आधार बॉक्सखालीच असल्याने इंजिन मागे कलतं. उघडलंच आहे तर क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बुशही बघून घ्या. तो बुश लहान आणि स्वस्त, पण राहून गेला तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं. ऑइल नव्वद नंबरचं, पण जीएल-४ मागा. जीएल-५ मधली काही रसायनं सिंक्रोच्या पितळी रिंगा खातात.

आरसी बुकात इंजिन आणि चासीचे नंबर असतात, गिअरबॉक्सचा नाही. तेव्हा टी-९०च्या जागी टी-९०च घातला तर पेणच्या आरटीओत खेटे घालायला नकोत. क्रॉस मेंबरसाठी चासी कापून वेल्डिंग करायचं म्हणाले, तर मात्र आधी तिथे विचारून या.