पूररेषेजवळचं घर खिशाला किती पडतं?

पुण्यात मंडईच्या आसपासचे वाडे एकेक करून पुनर्विकासाला जातायत. हिश्शाचे पैसे हातात येतात, पण शुक्रवार पेठेत त्यात काही बसत नाही, मग शोध सिंहगड रस्त्याकडे वळतो. तिथे नदीच्या बाजूचा फ्लॅट पलीकडच्या गल्लीपेक्षा चार-पाच लाखांनी स्वस्त निघाला, की माणसं लगेच इसार द्यायला निघतात. जरा थांबा. त्या फरकात पुराचा खर्च दडलेला असू शकतो आणि तो पुढे तुम्हालाच भरायचा असतो.

जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. मुठा नदीसाठी निळी रेषा ६० हजार क्युसेक विसर्गावर धरलेली आहे, लाल एक लाखावर. आता २५ जुलै २०२४ ची पहाट आठवा. खडकवासला धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सुटलं आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत तळमजले बुडाले. निळ्या रेषेच्या आत राहणाऱ्याला २५ वर्षं वाट पाहावी लागत नाही.

आणि ओढा वेगळा विचारा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा टांगेवाले कॉलनीत घुसला, माणसं गेली. कात्रजच्या बाजूला कोसळलेलं पाणी अंधारात थेट घरांत आलं. मुठेची पूररेषा पाहून या ओढ्याचा अंदाज येत नाही.

राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात नवं घर बांधता येत नाही. बाग, पार्किंग, उघडा भाजीबाजार असे वापर चालतात. निळ्या-लाल रेषांमध्ये बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट वर. निळ्या रेषेतल्या जुन्या, अधिकृत इमारतीला पुनर्विकास करायचा असेल, तर तीच उंची आणि शिवाय जलसंपदा विभागाचा ना-हरकत दाखला. जुना फ्लॅट ‘पुढे रिडेव्हलपमेंट होणारच आहे’ असं सांगून विकत असतील, तर हा दाखला मागा. नुसत्या तोंडी आश्वासनाचे पैसे देऊ नका.

आता हिशेब. फ्लॅट ७० लाखांचा धरू. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार (खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी), नोंदणी ३० हजार. हे ५ लाख २० हजार एकदा भरले, की घर पुन्हा विकलंत तरी परत येत नाहीत. म्हणून तपासणी त्याआधी करा, ती त्या मानाने फुकटच आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये, त्यात सर्व्हे नंबर टाकून दोन्ही रेषांचा नकाशा मागायचा. महापालिकेचा झोन दाखला काढायचा. शंका उरली तर सर्व्हेअरकडून पार्किंगची पातळी मोजून घ्यायची.

मग पावसाळ्यानंतर एकदा इमारतीत जा आणि वर बघू नका, खाली बघा. पार्किंगच्या खांबांवर गाळाची रेघ आहे का, नुकताच रंग फक्त कमरेपर्यंतच मारलाय का, वीजमीटरचा फळा छातीच्या वर आहे की गुडघ्याजवळ, लिफ्टच्या खड्ड्यात ओल आहे का. मीटर, लिफ्ट, पंप आणि जमिनीखालची टाकी या चार गोष्टी बुडाल्या की चौथ्या मजल्यावरच्यालाही वर्गणी पडते. सोसायटीच्या जुन्या ताळेबंदात पुरानंतरची दुरुस्ती किती लागली ते लिहिलेलं असतं. तो कागद दाखवायला टाळाटाळ झाली, तर मी ते घर सोडून देईन.

सरकारी मदतीवर भिस्त ठेवू नये. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरानंतर शहरी कुटुंबाला १५ हजार जाहीर झाले होते. त्यात एक फ्रीज येतो. विमा घ्याच. २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक पॉलिसी मिळते, तिच्यात पूर आहे. रक्कम फ्लॅटच्या बाजारभावावर ठरत नाही, बांधकामाच्या खर्चावर ठरते, त्यामुळे हप्ता ऐकून घाबरू नका. घरातल्या सामानाला घराच्या विमारकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाखांचं संरक्षण आपोआप मिळतं. दागिने वेगळे लिहावे लागतात. गाडीच्या विम्यात ‘इंजिन प्रोटेक्शन’ जोडून घ्या आणि बुडालेली गाडी चुकूनही सुरू करू नका, पाणी ओढून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत तो दावा बहुतेकदा नाकारला जातो.

तळमजल्यावरच राहायचं असेल, तर मंडईतून बोहरी आळीत जा आणि संडास-न्हाणीच्या पाइपांना लावायचे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घ्या. पूर दारातून यायच्या आधी ड्रेनेजमधून घरात उलटा येतो. व्हॉल्व्ह प्लंबरकडून मे महिन्यातच बसवून घ्या, जुलैत तो फोन उचलत नाही.