गाडी उकळली तर झाकणाला हात लावू नका

मे महिन्यात कुंभार्ली किंवा आंबा घाटाच्या वळणावर बॉनेट उघडून उभी असलेली गाडी तुम्ही पाहिली असेल. सुट्टीला गावी निघालेले कुटुंब, डिकीत ठासून भरलेले सामान, एसी चालू आणि दुसऱ्या गिअरचा चढ. काटा लाल पट्ट्यात जातो, वाफ दिसते, आणि गाडी चालवणारा घाईघाईने फडके गुंडाळून रेडिएटरचे झाकण फिरवतो. अशा वेळी हात, छाती, मान आणि चेहरा एकदमच भाजतात, कारण माणूस त्या झाकणावर वाकलेला असतो. हे भाजणे पूर्णपणे टाळता येते, म्हणून आजचे पान त्यासाठी.

आत काय घडते ते समजून घ्या. झाकण कुलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, साध्या हवेच्या जवळजवळ दुप्पट दाबाखाली धरून ठेवते. त्या दाबाला पाणी १०० नव्हे, १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकण सैल होताच दाब जातो आणि तोवर द्रव असलेल्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होऊन उरलेल्या उकळत्या पाण्यासकट उसळतो. वाफ जिरण्याआधी कुकरचे झाकण कोणी जबरदस्तीने उघडत नाही, तोच नियम इथे. सत्तर अंशांचे पाणीसुद्धा सेकंदाभरात त्वचा खोलवर भाजते. फडक्याने तळहात वाचेल, चेहरा वाचणार नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत रेडिएटरला वेगळे झाकण नसते. बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीचेच झाकण दाबाखाली असते, त्यामुळे ते निरुपद्रवी समजू नका.

मग करायचे काय? काटा चढू लागला की एसी बंद करा. गाडी लगेच थांबवता येत नसेल तर हीटर पूर्ण गरम करून पंखा जोरात लावा, इंजिनाची काही उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. सुरक्षित जागा मिळताच कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि निदान अर्धा-पाऊण तास थांबा. बॉनेटच्या कडेतून वाफ येत असेल तर बॉनेटही उघडू नका. तापलेल्या इंजिनावर किंवा रिकाम्या रेडिएटरमध्ये गार पाणी ओतू नका. हेड तडकते आणि ओतणाऱ्याच्या तोंडावर वाफ येते.

झाकण न उघडताही निदान बरेच पुढे जाते, आणि मला हे आवर्जून सांगायचे आहे, कारण ‘जरा बघू तरी पाणी किती आहे’ या उत्सुकतेपायीच लोक भाजतात. पातळी टाकीच्या बाहेरूनच, किमान आणि कमाल या खुणांमध्ये दिसते. गाडी गावात, सिग्नलला तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर आधी पंख्याकडे बघायचे. उलट चढावर आणि वेगातच तापत असेल तर कुलंट कमी आहे किंवा रेडिएटर आतून चोंदला आहे, असा संशय घ्यावा. वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी घातलेल्या गाड्यांत क्षार साचून हे हमखास होते. गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा झपाट्याने चढला आणि पातळी मात्र ठीक असली, तर थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो. जुनी होज, तिची क्लिप, वॉटर पंप, रेडिएटरची जोडणी, गळती बहुधा यांतलीच. गाडीखाली साधे, रंग-वास नसलेले पाणी पडले तर ते एसीचे. हिरवा, गुलाबी किंवा लाल, बोटाला बुळबुळीत लागणारा डाग म्हणजे कुलंट. बोट लगेच धुवा. केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर तेलकट धुके आणि पुढच्या सीटखालचा ओला गालिचा म्हणजे हीटरची गळती. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असेल आणि इंजिन ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅसकेट गेल्याची शंका घ्या आणि गाडी टोइंगने न्या. आणखी एक फसवी खूण: कुलंट पार संपले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. ‘थंड झाली’ म्हणून निघू नका.

तरी भाजलेच, तर पहिली वीस मिनिटे महत्त्वाची. भाजलेल्या जागेवर साधे गार, वाहते पाणी सलग वीस मिनिटे सोडा. भाजल्यावर तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. घाटात नळ नसतो, तेव्हा गाडीतल्या बाटल्यांचे पाणी इंजिनाला न घालता माणसासाठी ठेवा. अंगठी, घड्याळ, बांगड्या सूज येण्याआधी काढा; कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, यातले काहीही नको. त्याने जखम अधिक खोल होते किंवा डॉक्टरला ती दिसतच नाही. डोळ्यांत उडाले असेल तर पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ धुवा. स्वच्छ कापडाने सैलसर झाका. चेहरा, हात, सांधे किंवा जननेंद्रियांवरचे भाजणे, तसेच बोटांसह स्वतःच्या तळहातापेक्षा मोठी जखम रुग्णालयातच दाखवावी. १०८ ला फोन करा. धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करायला विसरू नका.

आता दुसरा धोका, ज्याची मला जास्त काळजी वाटते. कुलंटमध्ये बहुतेक वेळा एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि विषारी आहे. आपल्याकडे उरलेले कुलंट पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून डिकीत ठेवतात. लाल असेल तर कोकम सरबताची बाटली आणि ती बाटली यांत मुलाला फरक करता येत नाही. लहान मुलाच्या पोटात काही चमचे गेले तरी जीव धोक्यात येतो. सुरुवातीला दारू प्यायल्यासारखी झिंग, उलटी, झोप. मग यकृत त्याचे आम्लात रूपांतर करते, श्वास जलद होतो, आणि एक ते तीन दिवसांत ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडे बंद पाडतात. मधल्या काळात मूल सावरल्यासारखे वाटू शकते, म्हणून लक्षणांची वाट पाहायची नाही. उलटी करवू नका. बाटली किंवा डबा सोबत घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात जा. विष आम्लात बदलण्याआधीच अडवणारे उपचार आहेत, डायलिसिस आहे, पण ते वेळेवर मिळायला हवेत. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच कुळातल्या डायएथिलीन ग्लायकॉलने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि लेंटिन आयोग बसला. तिथेही घाव मूत्रपिंडांवरच होता.

गाडी थंड होईपर्यंत मुलांना आणि आजी-आजोबांना तापलेल्या बंद गाडीत बसवून ठेवू नका, रस्त्यापासून दूर, सावलीत न्या आणि थोडे थोडे पाणी पाजा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना आणि मधुमेहींना चक्कर लवकर येते. कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापले तर गाडीचे पुढे बघू, आधी त्या व्यक्तीला रुग्णालयात हलवा. आणि गॅरेजमधून गाडी घेताना मेस्त्रींना सांगा की काढलेले जुने कुलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका, झाकणाच्या डब्यात भरून ठेवा, कारण गोड म्हणून कुत्री-मांजरेही ते चाटतात.